काळी पाच

अंजनाने चार दिवस तोंड उघडायचं नाही असं ठरवलं आणि घरातली बाकीची माणसं दुप्पट बोलायला लागली.

सासूबाई, म्हणजे सुलाबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मौन धरलंय म्हनं. आमच्या टायमाला बाईनं तोंड उघडलं तर बातमी व्हायची, आता मिटलं तर व्हतीया." नववीतल्या राणीने माळ्यावरची आपली जुनी पाटी शोधून आईच्या हातात दिली, आणि आता चार दिवस कुणी ओरडणार नाही हे ओळखून अभ्यासालाही मौन दिलं. राहिला नवरा. जयराज फौजेतून रिटायर होऊन घरी आला त्याला उणेपुरे दोन महिने झाले होते. त्याने बायकोचा मोबाईल आपल्या शर्टाच्या खिशात टाकला आणि सोप्यात उभं राहून जाहीर केलं, "चार दिवस सगळं निरोप माझ्याकडं. सिग्नलमधी बावीस वर्सं काढल्यात. एक शबूद हिकडचा तिकडं हुनार न्हाई."

तो खरंच झाला नाही. घोटाळा झाला तो शब्द इकडचा तिकडं न झाल्यामुळेच.

मौन गळ्यासाठी होतं. अंजना सांगलीच्या एका मंडळीत संगीत नाटकात काम करायची. बारा वर्षं झाली, नायिका तीच. गाव भिलवडीच्या पलीकडे, कृष्णेच्या काठाला, घरापासून नदीपर्यंत नुसता ऊस. पहाटे पाचला उठून दोन म्हशींच्या धारा, सहाला डेअरी, मग राणीचा डबा, मग रानात पाणी धरायला. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी तीनला ती हातपाय धुऊन स्कूटीवर बसायची आणि सांगलीला तालमीला जायची. तिथं ती राजकन्या. आठच्या आत परत येऊन पदर खोचायची आणि परत चुलीपुढं. गावातली टवाळ पोरं म्हणायची, "वैनी, आज राज्याभिषेक आधी का शेणकूर?" अंजना स्कूटीचा वेग कमी न करता सांगायची, "शेणकूर तू काढ, मग मी सिंहासनावर बसायला मोकळी."

तिला नाटकात नेलं नानासोंनी. नानासो म्हणजे मंडळींचे ऑर्गनवाले, मॅनेजर, मास्तर आणि भांडणं मिटवणारे, असे सगळे एकाच धोतरात. बारा वर्षांपूर्वी ते गावच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करायला आले होते. देवळाच्या पायरीवर पेटीचं पोट उघडून बसलेले, एवढ्यात नदीकडून हाळी आली. अंजनाची पहिल्या वेताची म्हैस पाण्यातून बाहेर निघेना. म्हशीचं नाव काळी. तशा सगळ्याच म्हशी काळ्या, पण नाव तेवढं हिलाच मिळालेलं. अंजना काठावर उभी राहून ओरडत होती, "काळेऽऽ ये गंऽऽ!" शेवटचा 'गं' उसावरून, देवळावरून, पार पलीकडच्या काठावर गेला आणि तिथंही पडला नाही, उभाच राहिला. नानासोंनी तसाच अर्धा उघडा भाता दाबला आणि पेटीवरची पाचवी काळी पट्टी धरली. काळी पाच. बायकांच्या गळ्याला ती पट्टी उंच पडते, बऱ्याच जणी काळी चारला गातात. नानासोंनी दुसऱ्या हाळीची वाट बघितली. परत काळी पाच. केसभरसुद्धा इकडं तिकडं नाही. म्हैस तिसऱ्या हाळीला बाहेर आली. नानासो चौथीची वाट न बघता पेटी तशीच टाकून नदीकडे निघाले.

सुलाबाईंनी त्या वेळी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नानासोंनी त्यांना विचारलं, "आवं आत्या, लेकाला फौजेत धाडलंत तवा तरी कुणाला इचारलंवतं?" आता ह्या वाक्याचा नाटकाशी काय संबंध, हे अजून कुणाला कळलेलं नाही. पण सुलाबाई गप्प झाल्या, आणि त्या गप्प झालेल्या बघणारा माणूस गावात दुसरा नाही.

असं बारा वर्षं चाललं. आणि दोन महिन्यांमागं कऱ्हाडच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकातल्या पदाच्या अंतऱ्यात, जिथं सूर वरच्या षड्जावर जाऊन थांबायचा, तिथं अंजनाचा आवाज फुटला. फुटला म्हणजे कापडासारखा टर्रकन. लोकांनी सांभाळून घेतलं, टाळ्याही दिल्या. पण टाळ्या कौतुकाच्या की दयेच्या, हे अंजनाला न कळायला ती काय आज स्टेजवर आली होती? सांगलीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, म्हणाले, गाठ नाही, सूज आहे, विश्रांती द्या. सूज उतरली. भीती काही उतरली नाही. साताऱ्याचा प्रयोग ठरला त्या दिवशी तिने भाकरी मोडता मोडता घरात सांगून टाकलं, "साताऱ्यात सूर लागला न्हाई तर मी सोडते. शिवांजली तयार हाय. लोकांनी उठवायच्या आधी आपुन उठावं."

शिवांजली म्हणजे मंडळीतली तेवीस वर्षांची मुलगी. अंजनाची सगळी पदं तिला पाठ होती. ती काळी चारला गायची, आणि चांगली गायची.

हे ऐकून सुलाबाईंनी कालवण वाढलं. राणी म्हणाली, "आये, असं नको म्हनूस." जयराजच्या मनात पटकन एक शब्द येऊन गेला होता, 'बरं हुईल', आणि तो शब्द ताटावर सांडतो की काय ह्या धास्तीने त्याने घास तोंडात कोंबला.

त्याचंही खोटं नव्हतं. बावीस वर्षं हा माणूस बर्फात, वाळवंटात, कुठं कुठं वायरलेसचा सेट घेऊन बसला. सुट्टी यायची ती पावसाळ्यात, तेव्हा प्रयोग बंद. नाहीतर ऊसतोडीत, तेव्हा जयराजला मान वर करायला सवड नाही. बायकोचं नाटक त्याने एकदाही बघितलं नव्हतं. रिटायर झाल्यावर संध्याकाळी दोघांनी सोप्यात बसून चहा प्यायचा, एवढं एक स्वप्न त्याने सगळ्या पोस्टांवर जपून नेलेलं. घरी आला तर मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी सोप्यात तो, आई आणि दोन म्हशी. पैकी आई बोलायची. बॉर्डरवर बायकोची वाट बघितली, आणि घरी आल्यावरही त्याच ड्युटीवर नेमणूक! तिला नको म्हणायची त्याच्यात हिंमत नव्हती, आणि नको म्हणायचा आपल्याला हक्क नाही हेही त्याला कळत होतं. त्यामुळे 'बरं हुईल' हा शब्द बाहेर पडला नाही आणि निघूनही गेला नाही.

मौनाच्या पहिल्याच दिवशी, बुधवारी, सकाळी नानासोंचा फोन आला.

"कोन, फौजी का? अंजना गप हाय न्हवं? बोलू दिऊ नका, तालमीलाबी धाडू नका. तिला एवडा निरोप द्या. सातारला काळी पाच न्हाई, काळी चार. कळलं?"

जयराजच्या अंगात सिग्नल संचारला. ऐकलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, हा तिथला नियम. "परत म्हनतो. काळी पाच न्हाई, काळी चार."

"शाब्बास! आन गाडी सांगलीतनं ऐतवारी नवाला."

"गाडी ऐतवारी नवाला. ओव्हर."

नानासोंनी समाधानाने फोन ठेवला. जयराजने समाधानाने कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं: 'काळी ५ नाही, ४. गाडी रवि. ९.' आणि तो विचार करायला लागला. विचार करायला मात्र फौजेत शिकवत नाहीत.

नानासोंचं त्याला मोठं कौतुक वाटलं. कलाकार माणूस, पण व्यवहार बघा! रविवारी अंजनाला सात वाजता घर सोडायचं, म्हणजे पाचला धार काढत बसली तर धांदल. एकदम रविवारी वेळ बदलली तर म्हैस बिचकेल, पान्हा चोरेल. म्हणून आजपासूनच काळीला चारला पिळायचं. केवढा दूरवरचा विचार! बरं, ह्यात अंजनाला त्रास कशाला? गळ्याची विश्रांती, तर अंगालाही विश्रांती. निरोप म्हशीचा आहे, म्हशीपर्यंत आपण पोचवू. बायकोला त्याने फक्त गाडीची वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जयराज बादली घेऊन गोठ्यात. काळी झोपलेली. तिने एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. जयराज म्हणाला, "उठा बाईसाब, वरनं ऑर्डर हाय." काळीने शेपटीने त्याच्या कानाखाली आवाज काढला. दूध रोजच्यापेक्षा दीड लिटर कमी निघालं. डेअरीवर दादासोने मापात बघून विचारलं, "काय रं जयराज, म्हस काय उपास धरतीया?"

"ट्रेनिंग चालू हाय तिचं."

पाचला उठून अंजनाने गोठ्यात बघितलं तर धार झालेली. तिने पाटीवर लिहिलं, 'आज एवढ्या लवकर?' जयराज म्हणाला, "तू आराम कर. समदं नियोजनानं चाललंय." अंजनाने कपाळाला हात लावला आणि पाटी पुसली. फौजी माणूस, झोप येत नसेल, असं तिने मनाशी धरलं. तोंड उघडं असतं तर तिने दोन प्रश्नांत सगळं बाहेर काढलं असतं. पण खडूने किती उलटतपासणी घेणार?

चार दिवस काळी चारला पिळली गेली आणि चारही दिवस तिने त्याचा निषेध नोंदवला.

रविवारी सुलाबाईंवर घर आणि गोठा सोपवून जयराज अंजनाबरोबर निघाला. आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं नाटक. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात अंजनाचा कोमट पाण्याचा थर्मास धरला होता, तो एखाद्या शस्त्रासारखा. सांगलीत मंडळींची गाडी उभी. नानासो खिडकीतून ओरडले, "अंजना, निरोप मिळाला न्हवं?"

गाडी नऊला, हा निरोप मिळाला होता. अंजनाने मान हलवली.

"आन तोंड उघडू नकोस. पैला शबूद स्टेजवर."

तिने परत मान हलवली. नानासोंनी तबलेवाल्या ज्ञानूकडे बघून चार बोटं दाखवली, ज्ञानूने अंगठा दाखवला. जयराज मागच्या सीटवरून हे सगळं बघत होता, आणि त्याला वाटलं, काय शिस्त आहे ह्या मंडळींची! धार कितीला काढली हेसुद्धा तबलजीला माहीत!

साताऱ्याच्या नाट्यगृहात प्रयोग दुपारी चारचा होता. जयराजला सहाव्या रांगेत जागा मिळाली, शेजारी पांढऱ्या टोपीतले एक सातारकर आजोबा. आजोबा शेंगदाणे खात होते. त्यांनी कागदाची पुडी जयराजपुढे केली आणि विचारलं, "पैल्यांदाच का संगीत नाटक?"

"व्हय. मंडळी... म्हंजे घरचं मानूस हाय नाटकात."

"कोन?"

"अंजना."

आजोबांनी पुडी मागं घेतली, टोपी सारखी केली, आणि मग दोन्ही हातांनी पुडी परत पुढं केली. जयराजला वरिष्ठ अधिकाऱ्यांकडूनसुद्धा एवढा मान मिळाला नव्हता.

नाटक पुराणातलं होतं. एक राजकन्या रानात चुकलेल्या नवऱ्याला शोधत फिरते. पहिला अंक राजा, विदूषक आणि राक्षस ह्यांनी खाल्ला. जयराज म्हणाला, "ही कवा येती?" आजोबा म्हणाले, "दुसऱ्यात. आधी आवाज येतो, मग बाई येते. कान तयार ठेवा."

दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. रंगवलेलं रान, निळा उजेड. कुणीही नाही. स्टेजच्या खाली डाव्या हाताला नानासो ऑर्गनवर बोटं ठेवून बसलेले, पण वाजवत नव्हते. ह्या जागी नायिकेने विंगेतून, कुठल्याही वाद्याशिवाय, माइकशिवाय, नुसता आलाप घेत यायचं, आणि ती सुरात बसली की मग ऑर्गनने तिच्या पायाखाली सूर सरकवायचा, अशी त्या नाटकाची रीत. सूर कुणी द्यायचा नाही. तो बाईने आपल्या अंगातूनच काढायचा.

आणि तो आला.

जयराजला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी दार उघडलं. उजेड आल्यासारखं झालं, म्हणून त्याने मागं वळून बघितलं. दारं सगळी बंद. आवाज डाव्या विंगेतून येत होता, आणि उजव्या भिंतीवर होता, आणि छपराला होता, आणि त्याच्या बरगड्यांत होता. बावीस वर्षं ह्या माणसाने आवाज इकडून तिकडं पोचवायचं काम केलं. अंतर वाढलं की आवाज झिजतो, खरखरतो, शब्दाचे तुकडे पडतात, हे त्याला पोटातून माहीत होतं. हा आवाज अंतर कापत होता आणि झिजत नव्हता. ही ती बाई, जिला तो रोज 'आगं, टॉवेल कुठं हाय' एवढंच विचारत आला होता? त्याच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

नानासोंनी ठरल्याप्रमाणे हळूच सूर लावला.

शेजारचे आजोबा एकदम दचकले, जशी खडा लागल्यावर दाढ दचकते. "आरं देवा! पेटी चारला, बाई पाचला!"

जयराज पुटपुटला, "काय पाचला?"

"पट्टी हो! सूर! ऑर्गन काळी चारला धरलाय, बाईनं काळी पाच लावलीया. निरोप मिळाला न्हाई वाटतं बाईला. आता मेली ती!"

काळी. पाच. चार.

जयराजच्या डोक्यात पहिल्यांदा म्हैस आली, मग कॅलेंडर, आणि मग नानासोंची चार बोटं. कऱ्हाडला सूर फुटला म्हणून म्हाताऱ्याने तिच्यासाठी पट्टी उतरवून घेतली होती. तोंडावर सांगितलं तर ती भांडेल म्हणून निरोप धाडला. तो निरोप आपण बरोबर ऐकला, बरोबर परत म्हणून दाखवला, बरोबर लिहून ठेवला, आणि चार दिवस पहाटे उठून म्हशीला दिला.

नानासोंनी बोटं उचलली होती. ज्ञानूचा हात तबल्यावर येता येता थांबला. तबला चारला लावलेला, तो आता पाचला कसा वाजणार? विंगेच्या कडेला शिवांजली दिसत होती, तोंडावर हात धरलेली. सभागृह अजून आलापात होतं, पण पुढच्या दोन रांगांतल्या जाणत्या माना हलल्या होत्या. अंजनाने पाऊल टाकून स्टेजवर यायची वेळ झाली होती. आणि ती आली.

हिरवी नऊवारी, केस मोकळे. तिने नानासोंकडे बघितलंसुद्धा नाही. तो एक चुकार सूर तिच्या कानावर पडलेला होता, तेवढा तिला पुरला. आलाप थांबला नाही. तिने श्वास घेतला की नाही कळलं नाही. ती आपल्या सुरावरून एक पायरी खाली उतरली, तिथं जराशी हेलावली, परत वर गेली, आणि परत त्याच पायरीवर येऊन थांबली. थांबली ती उठलीच नाही. तिथंच बसली, पदर पसरून, जसं काही घर तिथंच होतं आणि आत्तापर्यंत ती नुसती शेजारी गेली होती.

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोमल निषाद," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पाचचा नी म्हंजे चारचा सा. नी ला सा केला हो तिनं. चालता चालता! ह्या कानांनी असं ऐकलं न्हवतं."

जयराजला नी कळला नाही, सा कळला नाही. त्याला एवढंच कळलं, की चालू निरोपात फ्रिक्वेन्सी बदलली आणि एक अक्षर सांडलं नाही. हे कुणाला जमतं? त्याच्या सगळ्या रेजिमेंटमध्ये कुणाला जमलं नसतं. नानासोंचा ऑर्गन आता अलगद तिच्या पायाखाली आला, ज्ञानूची थाप पडली, आणि पद सुरू झालं: 'पुसते मी वाऱ्याला, वाट तुझी कुठली.'

काळी चारला अंतरा गेला तो विनासायास गेला. वरच्या षड्जाला ती सहज हात लावून आली. कुठं ताण नाही, खरखर नाही. पद संपलं आणि मागच्या रांगेतून आरोळी आली, "वन्समोअर!" मग सगळीकडून. रानात नवऱ्याला शोधणारी राजकन्या थांबली, हात जोडले. रीत अशी, की लोकांनी मागितलं तर पद परत म्हणायचं, नवरा तेवढा वेळ रानात थांबतो.

वाचलो, असं जयराजला वाटलं. सूर लागला, लोक खूश, चूक झाकली.

आणि अंजनाने नानासोंकडे बघून उजवा पंजा वर केला. पाच बोटं.

नानासोंनी मान हलवली, नाही. तिने पंजा खाली घेतला नाही. नानासोंनी परत मान हलवली, या खेपेला डोळे मोठे करून, जसे ते तालमीत करतात आणि ज्यापुढं राक्षससुद्धा नमतो. पंजा तसाच. लोकांना वाटलं, बाई आशीर्वाद देतायत, त्यांनी आणखी टाळ्या दिल्या.

शेवटी ज्ञानूने म्हाताऱ्याची वाट बघितली नाही. पिशवीतून दुसरा तबला काढला, दोन ठिकाणी हातोडी मारली, तबल्याच्या चामड्यावर बोट टेकवलं. टण्. काळी पाच.

जयराजला आता काय पणाला लागलंय ते दिसत होतं. चारला ती आरामात गात राहिली असती आणि घरी जाऊन म्हणाली असती, सूर लागला की नाही कुणास ठाऊक, लावून दिला तो नानांनी. म्हणून ती स्वतः परत तिथं निघाली होती, जिथं कऱ्हाडला कापड फाटलं होतं. आणि जयराजच्या छातीत तो त्या दिवशीचा शब्द अजून बसलेला होता. बरं हुईल. त्याने त्या शब्दाला पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि त्याला इतकी शरम वाटली की हा शब्द आत्ता तिला ऐकू जाईल की काय असं वाटून त्याने छातीवर हात दाबला.

अंतरा आला. सूर चढायला लागला. एक एक पायरी, घाई नाही. वरच्या षड्जाच्या खालच्या पायरीवर ती थांबली, आणि तिथं आवाजाला एक बारीक चीर पडली. केसाएवढी. नानासोंची मान खाली गेली. शिवांजलीने डोळे मिटले.

अंजनाने डोळे मिटले नाहीत. ती त्या चिरेवरच उभी राहिली, मग तिथून वर गेली.

तो सूर काय होता हे सांगायला जयराजकडे शब्द नाहीत, आणि ज्यांच्याकडे असतात ते आजोबा शेजारी रडत होते. तो गोड नव्हता एवढं खरं. त्यात किंचित वाळू होती. रानातल्या बाईचा होता तो, नवरा न सापडलेल्या बाईचा, पहाटेला उठणाऱ्या बाईचा. तो लागला आणि राहिला. जयराज सवयीने सेकंद मोजायला लागला आणि आठाला विसरला. सहाशे माणसं, आणि कुणाचा शेंगदाणा मोडत नव्हता. एवढ्या माणसांना एका जागी धरून ठेवायला फौजेला तारेचं कुंपण लागतं. तिने एका श्वासात धरली होती.

मग तिने सूर स्वतःच खाली ठेवला. हळूच, भरलेली घागर ठेवतात तसा.

प्रयोग संपल्यावर रंगपटात अंजना खोबरेल तेलाने तोंडाचा रंग काढत बसली होती, एका हातात वडापाव. शिवांजली तिच्या मागं उभी राहून केसातले आकडे काढत होती आणि हुंदके देत होती, त्यामुळे एक आकडा काढायला दोन मिनिटं लागत होती. जयराज दारात थर्मास घेऊन सावधान उभा. आत जायला त्याचा पाय उचलेना. ह्या बाईला आपण एकेरी हाक मारतो, हे त्याला आज जास्तीच वाटत होतं.

नानासो आले ते तापूनच. "अंजना! निरोप दिला हुता, चार! ह्या फौजीनं मला परत म्हनून दाखवलं हुतं!"

सगळ्यांनी जयराजकडे बघितलं. त्याने घसा साफ केला. "शबूद बरुबर हुतं, नाना. पत्ता चुकला."

"म्हंजे?"

"आमच्या म्हशीचं नाव काळी हाय."

रंगपटात क्षणभर कुणाला उलगडलं नाही. सगळ्यात आधी अंजनाला उलगडलं. चार दिवसांच्या पहाटेच्या धारा, 'समदं नियोजनानं', दीड लिटर कमी दूध. तिने वडापाव खाली ठेवला आणि जी हसत सुटली ती डोळ्यांतून काजळ गालावर येईस्तोवर. "आवं, म्हंजे त्या बिचारीला तुमी चार दीस...!" पुढं तिला बोलताच येईना. ज्ञानू तबल्यावर आडवा झाला. नानासो मात्र हसले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "गळा गेला असता म्हंजे?"

"माझी चूक हाय," जयराज म्हणाला. "मी तिला सांगाय पायजे हुतं."

अंजनाचं हसू ओसरलं. तिने तोंड पुसलं. "बरं झालं न्हाई सांगितलं. नाना, तुमी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. आन एकदा चारला बसले असते तर उठले नसते. जन्मभर म्हनले असते, पाच गेली."

नानासोंनी बोटं धोतराला पुसली. मग मॅनेजर जागा झाला. खिशातून डायरी निघाली. "बरं. फुडला प्रयोग इट्याला. गलाईवाली मंडळी, परमुलकात सोनं-चांदी आटवनारी, गावाकडं आल्यात जत्रंला, त्यांनीच ठरवलाय. इसाव्या तारखंला. दोन दिवस जादा तालमीला यावं लागंल. जमंल का?"

अंजनाने तेलाची बाटली बंद करता करता, बारा वर्षं जे सांगत आली तेच सांगितलं, "घरी इचारून सांगते."

आणि मग तिचं तिलाच लक्षात आलं. नानासोंच्याही आलं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात घर उभं होतं, थर्मास घेऊन.

जयराज गोंधळला. मग त्याने विचारलं, "वीस तारीख म्हंजे कंचा वार?"

"बेस्तरवार."

"त्या दिशी आईला मिरजंला डोळ्याच्या दवाखान्यात न्ह्यायचं हाय," तो म्हणाला, आणि अंजनाचा चेहरा जरासा उतरलेला बघून घाईघाईने पुढं बोलला, "म्हंजे मीच नेनार हाय. सकाळची वेळ हाय. दुपारी तिला घेऊनच इट्याला यीन म्हनतो. डोळ्यात औषद घातलेलं असलं तर दिसायचं न्हाई तिला, पर ऐकाय तर यील."

नानासोंनी डायरीत लिहिलं: 'विटा, २०'. अंजनाने राहिलेला अर्धा वडापाव कागदासकट नवऱ्यापुढं धरला, आणि तो घ्यायला जयराज शेवटी उंबरा ओलांडून आत आला.